चौसष्ट घरांत आमचं घर कुठंय?

"बुद्धिबळात आरक्षण नाही, म्हणून तिथं खरी गुणवत्ता दिसते."

हे वाक्य कुणा एकाचं नाही. २८ जुलै २०२५ ला नागपूरच्या दिव्या देशमुखनं जॉर्जियातल्या बाटुमी शहरात महिलांचा विश्वचषक जिंकला आणि दुसऱ्या दिवसापासून हे वाक्य मोबाइलवरून फिरायला लागलं. कंपनीच्या बसमध्ये ऐकलं, चहाच्या टपरीवर ऐकलं, पौडच्या बाजारात ऐकलं. बोलणाऱ्यांतल्या निम्म्यांना उंट तिरपा जातो की सरळ, हे ठाऊक नव्हतं. पण एका पोरीच्या विजयाचा दगड करून तो आमच्या टाळक्यात कसा हाणायचा, हे मात्र बरोबर ठाऊक होतं.

मी मुळशी तालुक्यातला. दिवसा कंपनीत कंत्राटी कामगार, संध्याकाळी वस्तीच्या समाजमंदिरात पोरांना बुद्धिबळ शिकवतो. म्हणून या वाक्याला उत्तर द्यायचा हक्क माझा आहे. आणि ते मी देणार.

दोस्तहो, आधी एक गोष्ट साफ करू. आपलं भांडण दिव्या देशमुखशी नाही. त्या पोरीनं केलं ते वाघिणीचं काम आहे. ९ डिसेंबर २००५ चा जन्म. पाचव्या वर्षी पटावर बसली. २०१२ मध्ये सात वर्षांखालच्या मुलींत राष्ट्रीय विजेती. २०१४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत डर्बनला दहा वर्षांखालची जगज्जेती. २०१७ मध्ये ब्राझीलला बारा वर्षांखालची जगज्जेती. २०२३ मध्ये आशियाई महिला विजेती. २०२४ च्या जूनमध्ये गांधीनगरला वीस वर्षांखालच्या मुलींत जगज्जेती, ११ डावांत १० गुण. त्याच वर्षी सप्टेंबरात बुडापेस्टच्या ऑलिंपियाडला भारतीय महिला संघाला सुवर्ण, आणि तिच्या पटावरचं सुवर्ण तिला स्वतःला.

मग बाटुमी. स्पर्धेत तिचं मानांकन पंधरावं. वाटेत चीनची झू जिनेर, मग आपली हरिका, मग माजी जगज्जेती तान झोंगयी. शेवटी समोर कोनेरू हम्पी, जी दिव्याच्या जन्माआधीच, २००२ मध्ये, ग्रँडमास्टर झालेली. दोन क्लासिकल डाव बरोबरीत सुटले. रॅपिड डावांत दीड विरुद्ध अर्धा, खेळ खलास. बाटुमीला जाताना तिच्याकडे ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म नव्हता. परत आली ती थेट ग्रँडमास्टर होऊन. भारताची ८८ वी. बायकांत चौथी.

खेळाडूला सलाम. आता तुमच्या 'गुणवत्ते'कडे वळू.

ही गुणवत्ता नुसती डोक्यातून उगवत नाही, साहेब. मोजा. तिचे आई-वडील दोघंही डॉक्टर. लहानपणापासून शिकवायला माणूस. पहिले प्रशिक्षक राहुल जोशी आता हयात नाहीत. विश्वचषक घेऊन नागपुरात उतरल्यावर तिनं त्यांची आठवण काढली, हे तिचं मोठेपण. नवव्या वर्षात डर्बन, बाराव्या वर्षात ब्राझील. एवढ्या पोरीबरोबर मोठं माणूस जायला लागतं. त्या माणसाला रजा लागते. तिकीट लागतं. घरी पासपोर्ट लागतो. आणि 'पोरीला खेळू दे, अभ्यासाचं बघू नंतर' असं म्हणायची छाती लागते. ती छाती पुढच्या महिन्याचं रेशन घरात असलं की येते.

यात लाजण्यासारखं काही नाही. असे आई-बाप प्रत्येक पोराला मिळावेत. पण हिशेब नीट मांडा. डोकं, वेळ, पैसा आणि गुरू, या चार गोष्टी जुळल्या की जगज्जेती तयार होते. यातलं पहिलं निसर्ग वाटतो, आणि तो जात विचारत नाही. बाकीचे तीन समाज वाटतो, आणि तो विचारल्याशिवाय देत नाही. तुम्ही चारांची बेरीज करता आणि खाली एकट्या डोक्याचं नाव लिहिता. हा हिशेब नाही, ही लबाडी आहे.

आता त्यांचा सगळ्यात जड मुद्दा घेऊ. ते म्हणतात, बुद्धिबळाइतका निःपक्ष खेळ नाही. निवड समिती नाही. तोंडी परीक्षा नाही. आडनाव ऐकून कपाळाला आठ्या घालणारा साहेब नाही. जिंकलास तर गुण, हरलास तर शून्य. मानांकनाचा आकडा गणितानं निघतो.

मान्य. शंभर टक्के मान्य. उलट मी म्हणतो, म्हणूनच हा आपला खेळ आहे. ज्यांना मुलाखतीत पाडलं, ज्यांचा पेपर नाव बघून तपासला, त्यांच्यासाठी यापरता खेळ कुठला? पटावर मात दिली की दिली. समोरच्याला ती परत घेता येत नाही.

पण पट निःपक्ष आहे. पटापर्यंतची वाट नाही.

'स्वस्त खेळ, दीडशे रुपयांचा पट,' असं म्हणतात. दीडशे रुपयांत नियम शिकता येतात. वर चढता येत नाही. मोबाइलवर हजार डाव जिंका, जागतिक संघटनेच्या मानांकनात त्याचा एक गुण धरत नाहीत. त्यासाठी मानांकन स्पर्धेत जाऊन, मानांकन असलेल्या माणसासमोर बसून खेळावं लागतं. त्यातही १ मार्च २०२४ पासून संघटनेनं खालची पायरी १००० वरून १४०० वर नेली. म्हणजे नवशिक्या पोरानं आधी चौदाशेच्या तोडीचं खेळायचं, मगच यादीत नाव. जिन्याच्या खालच्या पायऱ्या काढून घेतल्या आणि वर म्हणायचं, चढा की, अडवलंय कुणी!

आणि वरच्या टोकाला? ग्रँडमास्टर व्हायला २५०० मानांकन पाहिजे आणि तीन नॉर्म पाहिजेत. एका नॉर्मला साधारण नऊ डाव, समोर किमान तीन ग्रँडमास्टर, आणि परदेशी खेळाडू. ते काही आमच्या घोटावड्याला एसटीनं येत नाहीत. आपणच त्यांच्या दारात जायचं. विमानानं.

आमच्या समाजमंदिरात सातवीतली एक पोरगी येते. आई हिंजवडीच्या टॉवरमध्ये चार घरची धुणीभांडी करते. हिंजवडी मुळशी तालुक्यातच येतं बरं का, कागदावर. पोरीचा घोडा असा चालतो की मोठ्यांनी बघत राहावं. पुण्यात एक मानांकन स्पर्धा होती. पाच दिवस, फी अडीच हजार. वस्तीत वर्गणी काढली. आई म्हणाली, "फी तुमी भराल, पन माझा पाच दिसांचा खाडा कोन भरंल?" शेवटी मी रात्रपाळी मागून घेतली आणि दिवसा पोरीला घेऊन गेलो. पहिल्या डावाआधी तिनं माझ्या कानात विचारलं, "दादा, सोंगटी आधी हलवायची का घड्याळाचं बटन आधी दाबायचं?" बुद्धिबळाचं घड्याळ ती आयुष्यात पहिल्यांदा बघत होती. समाजमंदिरात आम्ही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून खेळतो.

नऊ डावांत चार जिंकली. शेवटच्या दिवशी एका पालकानं तिला कौतुकानं विचारलं, "कुठल्या अकॅडमीची तू?" ती म्हणाली, "समाजमंदिराची." त्या गृहस्थांचं तोंड मिटलं ते मिटलंच. हल्ली जात विचारत नाहीत, दोस्तहो. अकॅडमी विचारतात. उत्तर तेच मिळतं.

ग्रँडमास्टरांच्या यादीत जातीचा रकाना नाही. त्यात आमचे किती, तुमचे किती, हे कुणी मोजलेलं नाही. आणि जे मोजलंच नाही त्याच्यावर बोट ठेवून 'बघा, इथं जात नाही' म्हणायचं. ही यांची शास्त्रशुद्ध विचारसरणी!

दारं आपोआप उघडत नाहीत, हे या खेळाच्या इतिहासातच लिहिलंय, आणि तेही मराठी घरात. मुंबईच्या खाडिलकर बहिणी आठवा. वासंती, जयश्री, रोहिणी. १९७४ मध्ये महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, ती वासंतीनं जिंकली. १९७६ मध्ये तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. गहजब झाला. पोरगी पुरुषांत? प्रकरण हायकोर्टात गेलं. जागतिक संघटनेचे अध्यक्ष तेव्हा माक्स युवे होते, १९३५ ते ३७ चे जगज्जेते. त्यांना निकाल द्यावा लागला की बायकांना राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून वगळता येणार नाही. रोहिणी पुढं १९८१ मध्ये आशियाई विजेती झाली.

आता बघा. या पोरींचे वडील नीळकंठ खाडिलकर, 'नवाकाळ'चे संपादक. लेखणी घरात, छापखाना घरात. तरीही निःपक्ष पटावर बसायला कोर्टाची पायरी चढावी लागली. संपादकाच्या पोरीची ही गत, तर धुणीभांडीवालीच्या पोरीनं कुठली पायरी चढायची? आणि तिचा वकील कोण?

आणखी एक नाव सांगतो. सुलतान खान. पंजाबातला, मीठा टिवाणा गावचा. देशी पद्धतीनं खेळायला शिकलेला. आपल्या जुन्या देशी पद्धतीत प्यादं एका वेळी एकच घर चालायचं. आणि शेवटच्या घरात पोचलं तरी त्याला वाटेल तो मोहरा होता येत नसे. ते घर मुळात ज्या मोहऱ्याचं, तेवढंच त्याला होता यायचं. म्हणजे प्याद्याच्या बढतीलाही वर्णाश्रम! तर हा सुलतान खान सर उमर हयात खान नावाच्या बड्या जमीनदाराबरोबर १९२९ मध्ये लंडनला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश विजेता झाला. १९३२ मध्ये पुन्हा, १९३३ मध्ये पुन्हा. हेस्टिंग्जला १९३०-३१ च्या स्पर्धेत त्यानं कापाब्लांकाला, जगाच्या माजी विजेत्याला, हरवलं. आणि १९३३ च्या शेवटी धनी परत निघाला, तसा तोही परत आला. संपलं. त्यानंतर तो जगाच्या स्पर्धेत दिसला नाही. १९५० मध्ये जागतिक संघटनेनं पहिल्यांदा ग्रँडमास्टर किताब वाटले, त्यात त्याचं नाव नाही. १९६६ मध्ये तो गेला. २०२४ मध्ये, मेल्यावर ५८ वर्षांनी, त्याला मानद ग्रँडमास्टर केलं. मढ्याच्या गळ्यात हार!

डोकं होतं की त्याला. जगातल्या पहिल्या दहांत बसणारं डोकं. पण त्याची कारकीर्द एका माणसाच्या बोटीच्या तिकिटाला टांगलेली होती.

इथं आपल्याला दुसरा माणूस आठवल्याशिवाय राहत नाही. १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेलेला. पुढं लंडनला पोचलेला. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून शिक्षण अर्धवट टाकून परत आलेला, आणि बडोद्यात राहायला घर न मिळालेला. बाबासाहेबांचाही डाव मधेच मोडला होता. पण १९२० मध्ये पैसा उभा करून ते पुन्हा लंडनला गेले आणि मोडलेला डाव पुरा केला. एवढ्यावर थांबले असते तर आपण त्यांना फक्त विद्वान म्हटलं असतं. ते थांबले नाहीत. आपल्या मागून येणाऱ्या पोराला कुणा महाराजाच्या, कुणा जमीनदाराच्या मर्जीची गरज पडू नये, म्हणून त्यांनी शिष्यवृत्ती आणि राखीव जागा सरकारच्या कायद्यात आणल्या.

आरक्षण म्हणजे काय, ते इथं कळतं. आरक्षण डोकं देत नाही. डोक्याला धन्याची गरज पडू देत नाही. ज्यांच्या घरातच धनी आहे, त्यांना हे कळत नाही, आणि कळलं तरी वळत नाही.

आता आमच्या मुळशीचं बोलतो, कारण बुद्धिबळाची एक वाट इथनंही जाते. जगातली सगळ्यात नावाजलेली बुद्धिबळ स्पर्धा नेदरलँड्समधल्या वाइक आन झे गावात होते, टाटा स्टीलच्या नावानं. २०२४ च्या जानेवारीत दिव्या तिथं खेळली. परत आल्यावर तिनं उघड लिहिलं की लोक माझा खेळ बघत नाहीत. माझे कपडे, माझे केस, माझे उच्चार बघतात. अठरा वर्षांची पोरगी हे बोलली. निःपक्ष पटाभोवती बसलेली माणसं किती निःपक्ष असतात, ते तिनंच सांगून टाकलं. गुणवत्तेचे ढोल वाजवणारांनी ते वाचलेलं दिसत नाही.

तर टाटा हे नाव. शंभर वर्षांपूर्वी याच नावाच्या वीज कंपनीनं मुळशीच्या खोऱ्यात धरण बांधलं. मावळ्यांनी १९२१ ते १९२४ सत्याग्रह केला, सेनापती बापट तुरुंगात गेले, आणि तरी पन्नासच्या वर गावांची जमीन पाण्याखाली गेली. वीज मुंबईला. जमिनी गहाण धरून बसलेल्या पुण्याच्या सावकारांना नुकसानभरपाई दिसत होती. कसणाऱ्याला पाणी दिसत होतं. आणि ज्याच्या नावावर गुंठाही नव्हता, त्याची गणती कुठल्या कागदात करायची? स्टीलची कंपनी वेगळी, विजेची वेगळी, हे मला कळतं. पण नाव एक आहे. ज्या नावाखाली जगातले जगज्जेते मखमली खुर्चीवर बसून खेळतात, त्याच नावाच्या तलावाकाठी आमची पोरं खडूनं फरशीवर पट आखून खेळतात. मी भीक मागत नाही. मी फक्त दोन चित्रं शेजारी शेजारी ठेवतोय.

सरकारचंही चित्र ठेवतो. दिव्या जिंकून आली आणि महाराष्ट्र सरकारनं तिला ३ कोटी रुपये दिले. द्यावेतच. कमावलेत तिनं. पण शिखरावर पोचलेल्याला शाल घालणं सोपं असतं, कारण तिथं कॅमेरा असतो. पायथ्याला पहिला पट कोण देतं? पहिली फी कोण भरतं? पाच दिवसांचा खाडा कोण भरतं? जिंकून आल्यावर सरकार बापासारखं मिरवतं. पोर खेळायला लागलं तेव्हा हा बाप कुठं होता?

'वस्तीतली पोरं एवढ्या लांब जाणार थोडीच,' असं काही आपलेच लोक म्हणतात. त्यांना युगांडाची फियोना मुतेसी सांगा. कंपालातल्या काटवे झोपडपट्टीची. रॉबर्ट काटेंडे नावाचा माणूस तिथं पोरांना बुद्धिबळ शिकवायचा आणि वाटीभर लापशी द्यायचा. ती पोरगी लापशीसाठी आली आणि पटासाठी राहिली. देशाकडून ऑलिंपियाड खेळली, २०१२ मध्ये किताब मिळवला. जगज्जेती झाली नाही. पण तिनं दाखवून दिलं की भुकेल्या पोटाच्या वर तेच डोकं असतं, आधी वाटी भरावी लागते एवढंच. आणि अर्मेनियासारख्या चिमुकल्या देशानं २०११ पासून प्राथमिक शाळेत बुद्धिबळ सक्तीचं केलं. त्यांना जमतं. आमच्या जिल्हा परिषदेला का जमू नये?

म्हणून मागणी साधी आहे. जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेत पट आणि शिकवणारा माणूस. तालुक्याच्या गावी मानांकन स्पर्धा, पौडला, घोडेगावला, वेल्ह्याला. मजुराच्या पोराला फी माफ, आणि सोबत येणाऱ्या आईला खाड्याचे पैसे. वर जेवढा रुपया देता, तेवढाच खालीही द्या. मग पुढची वीस वर्षं मोजा, आणि त्यानंतर या माझ्याकडे गुणवत्ता घेऊन.

आणि सरकार देईपर्यंत आपण हातावर हात ठेवून बसायचं नाही. पुण्यामुंबईत शिकणाऱ्या, नोकरी करणाऱ्या पोरांनो, तुमच्यातल्या कितीतरी जणांना हा खेळ येतो. हॉस्टेलवर शिकलात, ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत खेळता. तो खेळ आपल्या आळीत न्या. विहारात जयंतीला लावलेला मांडव दुसऱ्या दिवशी सोडायच्या आधी तिथं चार पट मांडा. डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात वीस पट आणि दोन घड्याळं येतात, हा हिशेब मी करून बघितलाय. पोरींना पुढच्या रांगेत बसवा. हरल्यावर रडू द्या, पण उठून जाऊ देऊ नका. डाव लिहून ठेवायला शिकवा, म्हणजे कुठं चुकलं ते दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही.

दिव्या देशमुखचे डाव छापलेले मिळतात. आम्ही ते समाजमंदिरात मांडून शिकतोय. तिचं कौतुक करायची आमची रीत ही. तुम्ही तिचा फोटो पाठवता, आम्ही तिच्या चाली पाठ करतो. सातवीतल्या त्या पोरीला तान झोंगयीविरुद्धचा डाव, १०१ चालींचा, अख्खा पाठ आहे. पुढच्या स्पर्धेची फी जमा करणं चालू आहे. घड्याळ आणलंय, जुनं, पण चालतं. कुणाकडे पट, पुस्तक, वेळ, काहीही असेल त्यानं यावं. दर रविवारी सकाळी १० वाजता आम्ही बसतो.